जीपीएसचंच घड्याळ हलत असेल तर त्यावरून दोन लांबच्या घड्याळांची तुलना नॅनोसेकंदापर्यंत कशी होते?

रुबिडियमवाला

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याकडे एक रुबिडियम ऑसिलेटर (रुबिडियमच्या अणूंवर चालणारं छोटं घड्याळ) आहे, जुन्या टेलिकॉम उपकरणातून काढलेला. तसाच दुसरा माझ्या मित्राकडे आहे, तो माझ्यापासून साधारण ६०० किलोमीटर लांब राहतो. दोघांकडे टायमिंगसाठीचा जीपीएस रिसीव्हर, छतावर अँटेना आणि एकेक टाइम इंटरव्हल काउंटर. रिसीव्हरमधून दर सेकंदाला जो पल्स निघतो तो काउंटरच्या एका तोंडाला लावायचा, रुबिडियमचा पल्स दुसऱ्या तोंडाला, आणि मधला फरक दिवसभर नोंदवत राहायचं, एवढंच करतोय सध्या.

ग्राफ काढला की सरळ चढणारी रेघ दिसते, म्हणजे रुबिडियम थोडा पुढे पळतोय हे कळतं, पण त्या रेघेवर ३०-४० नॅनोसेकंदांचा केसाळपणा आहे आणि शिवाय दिवसभरात एक मंद लाट येऊन जाते. मित्राचा ग्राफ पण तसाच. दोन्ही एकमेकांतून वजा केले तर लाट थोडी बसते पण केसाळपणा तसाच राहतो, उलट वाढतो.

आता मी वाचलंय की जगभरातल्या प्रयोगशाळा आपापली सिझियम आणि हायड्रोजन मेझर घड्याळं जीपीएसवरूनच एकमेकांशी ताडून बघतात, आणि तेही काही नॅनोसेकंदांत. हे मला पटतच नाहीये. सॅटेलाइटमध्ये आहे तेही शेवटी एक घड्याळच ना, ते पुढंमागं होणार, सॅटेलाइट स्वतः २० हजार किलोमीटर वर पळतोय, मधे हवा आहे, मग ज्या मापाने मोजायचं ते मापच खोटं असेल तर मोजणी खरी कशी निघेल? आणि आम्ही दोघं नक्की कुठे चुकतोय? कोणी समजावून सांगितलं तर फार बरं होईल.

ध्रुवतारा_७

खूप चांगला प्रश्न आहे, आणि यातली गोम एकदा कळली की ती विसरता येत नाही, म्हणून नीट लिहितो.

समजा दोन गावांतून दोन माणसांनी एकच वीज चमकताना बघितली. पहिल्याने आपल्या घड्याळात बघितलं, ९ वाजून ३ मिनिटं १० सेकंद. दुसऱ्याने आपल्यात बघितलं, ९ वाजून ३ मिनिटं १४ सेकंद. दोघांनी फोनवर आकडे सांगितले की लगेच कळलं, दुसऱ्याचं घड्याळ ४ सेकंद पुढे आहे. यात विजेला वेळ माहीत असायची काही गरज होती का? ती ९ ला चमको नाहीतर साडेनऊला, तिचं काम फक्त दोघांना एकाच क्षणी दिसायचं. जीपीएस सॅटेलाइट इथे ती वीज आहे. तुम्ही त्याला मापाचा गज समजताय, तो आहे दोघांचा साक्षीदार.

आता हेच आकड्यांत. तुम्ही एका ठरावीक सॅटेलाइटसाठी काढता "माझं घड्याळ वजा सॅटेलाइटचं घड्याळ". मित्र त्याच वेळी, त्याच सॅटेलाइटसाठी काढतो "त्याचं घड्याळ वजा सॅटेलाइटचं घड्याळ". दोन्ही आकडे एकमेकांतून वजा करा, सॅटेलाइटचं घड्याळ दोन्हीकडे होतं ते उडून गेलं, उरलं फक्त तुमचं वजा त्याचं. सॅटेलाइटचं घड्याळ १० नॅनोसेकंद चुको की १० मायक्रोसेकंद, उत्तराला फरक पडत नाही. याला कॉमन व्ह्यू म्हणतात, आणि ही कल्पना अमेरिकेच्या एनबीएस या मापनसंस्थेतल्या, म्हणजे आजच्या निस्टमधल्या, डेव्हिड अ‍ॅलन आणि मार्क वाइस यांनी १९८० मध्ये मांडली. जीपीएस तेव्हा पूर्ण उभारलंही नव्हतं.

त्याआधी लांबच्या दोन घड्याळांची खात्रीची तुलना करायची तर चालू सिझियम घड्याळ बॅटरीसकट विमानात घालून एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये न्यायचे, तिथे ताडून बघायचे आणि परत आणायचे. त्यातून मिळायचा एका दिवसाचा एक बिंदू. कॉमन व्ह्यूने तेच काम रोज, कुठेही न जाता व्हायला लागलं.

याची ताकद दिसली ती सिलेक्टिव्ह अ‍ॅव्हेलेबिलिटीच्या काळात. अमेरिकन सैन्य नागरी सिग्नल मुद्दाम हलवत होतं, सॅटेलाइटचं घड्याळ जाणूनबुजून डळमळीत दाखवत होतं, त्यामुळे साध्या रिसीव्हरची वेळ शेकडो नॅनोसेकंद इकडेतिकडे व्हायची. मे २००० मध्ये ते बंद केलं. पण त्या सगळ्या वर्षांत कॉमन व्ह्यू करणाऱ्या लॅबना घड्याळाच्या त्या हलवण्याचा त्रास झालाच नाही, अट एवढीच की दोघांनी अगदी त्याच सेकंदांना तोच सॅटेलाइट बघितला पाहिजे.

कक्षेची चूकही बरीचशी अशीच जाते. सॅटेलाइटची जागा समजा १ मीटर चुकली, तर तुमच्या दोघांतलं अंतर ६०० किलोमीटर आणि सॅटेलाइट २०,२०० किलोमीटर वर, म्हणजे दोघांना ती चूक जवळपास एकाच दिशेने दिसते, वजाबाकीनंतर जास्तीत जास्त ३ सेंटीमीटर उरते. प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे ०.१ नॅनोसेकंद. विषय संपला. मात्र दोन खंडांमधे तुलना करायची असेल तर हा फायदा घटत जातो.

आता तुमचं काय चुकतंय. रिसीव्हरचा पल्स हा कॉमन व्ह्यू नाहीये. तुमचा रिसीव्हर त्याला दिसणाऱ्या सगळ्या सॅटेलाइटची सरासरी काढून पल्स देतो, मित्राचा त्याला दिसणाऱ्या सगळ्यांची, आणि दोघांच्या याद्या वेगळ्या असतात, त्यामुळे वजाबाकीत सगळं नीट उडत नाही. दुसरं म्हणजे तो केसाळपणा. रिसीव्हरला पल्स पाहिजे त्या क्षणी सोडता येत नाही, त्याच्या आतल्या क्रिस्टलच्या ठोक्यावरच सोडावा लागतो, म्हणून प्रत्येक पल्स १०-२० नॅनोसेकंद इकडेतिकडे पडतो. किती इकडेतिकडे पडला ते चांगला टायमिंग रिसीव्हर मेसेजमध्ये सांगतो, ती दुरुस्ती केलीत की केसाळपणा लगेच कमी होईल. आणि मग पल्सवर न थांबता रिसीव्हरमधून प्रत्येक सॅटेलाइटचं कच्चं माप बाहेर काढा. मुख्य काम तिथून पुढे आहे.

रुबिडियमवाला

विजेचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं, धन्यवाद! पल्सची ती दुरुस्ती मेसेजमध्ये येते हे माहीतच नव्हतं, आज रात्रीच लावून बघतो. कच्चं मापही निघतंय असं दिसतंय. पण मग "त्याच सेकंदांना तोच सॅटेलाइट" हे दोघांनी ठरवायचं कसं? आणि मला एका ठिकाणी १३ मिनिटं असा आकडा सापडला, १३ च का?

काउंटरताई

याच कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून लिहितेय.

१३ मिनिटांचं कारण साधं आहे. जीपीएसचा पूर्ण नॅव्हिगेशन मेसेज सॅटेलाइटवरून खाली यायला साडेबारा मिनिटं लागतात. ऐंशीच्या दशकातल्या रिसीव्हरला एका वेळी एकच सॅटेलाइट पकडता यायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून वेळापत्रक ठरवलं, १६ मिनिटांचा एक खण, त्यात २ मिनिटं सॅटेलाइट पकडायला, १३ मिनिटं मोजायला, १ मिनिट हिशेबाला. आता रिसीव्हर एकाच वेळी दिसतील तेवढे सॅटेलाइट बघतात पण तो साचा तसाच टिकलाय, फाइलचं नाव सीजीजीटीटीएस. आणि हे वेळापत्रक रोज ४ मिनिटं अलीकडे सरकतं, कारण जीपीएस सॅटेलाइट ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांनी तो आकाशात परत त्याच जागी दिसतो. तुम्ही दोघांनी हेच वेळापत्रक वापरा, वेगळं काही ठरवायला जाऊ नका.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. वर ध्रुवतारा यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, जे दोघांचं सामाईक आहे ते वजाबाकीत जातं. आता जे सामाईक नाही त्याचं बघा, कारण खरी मेहनत सगळी तिथे आहे. तुमची केबल तुमची एकट्याची आहे. तुमचा अँटेना, रिसीव्हर, तुमच्या छतावरची पाण्याची टाकी, हे सगळं तुमचं एकट्याचं. ते कुठेही जात नाही, जसंच्या तसं उत्तरात येऊन बसतं.

केबलचं सांगते. साध्या कोअ‍ॅक्स केबलमधून सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. ३० मीटर केबल म्हणजे १५० नॅनोसेकंद. हा उशीर मोजून हिशेबात वजा करायचा असतो. मी एका लॅबमध्ये असताना नवी केबल टाकली आणि ज्याने आकडा भरला त्याने चिन्ह उलटं भरलं, १५० वजा व्हायच्या ऐवजी मिळवले गेले, म्हणजे चूक झाली ३०० ची. आणि आम्हाला कितीतरी महिने कळलंच नाही! कारण ग्राफ एकदम सुंदर येत होता, सरळ रेघ, केसाळपणा नाही, घड्याळाचा वेग तर अगदी अचूक दिसत होता. केबल बदलली त्या दिवशी एक पायरी दिसली होती ती आम्ही "केबल बदलली म्हणून" अशी नोंद करून सोडून दिली. स्थिर चूक वेगात दिसत नाही, ती फक्त वेळेत असते, आणि तुमच्याकडे दुसरं काही ताडायला नसेल तर ती सापडायचा मार्गच नसतो. शेवटी फिरता रिसीव्हर आला तेव्हा सापडली. मला अजून ती दुपार आठवते, दोन कॉलम शेजारी शेजारी, आणि प्रत्येक ओळीत तोच फरक.

फिरता रिसीव्हर म्हणजे काय ते पण सांगते. एक रिसीव्हर त्याच्या अँटेना आणि केबलसकट एका लॅबमधून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे पाठवतात. प्रत्येक ठिकाणी तो तिथल्या रिसीव्हरच्या शेजारी, त्याच घड्याळाला जोडून काही दिवस चालवतात. घड्याळ एकच, आकाश एकच, म्हणजे जो फरक दिसेल तो निव्वळ दोन उपकरणांच्या उशिराचा. फ्रान्समधली बीआयपीएम ही मापनाची आंतरराष्ट्रीय संस्था हे काम काही मोठ्या लॅबसाठी करते आणि मग त्या लॅब आपापल्या भागातल्या बाकीच्यांसाठी करतात. एवढं सगळं करूनही वेळेची खात्री एकदोन नॅनोसेकंदांच्या खाली नेणं फार अवघड जातं, आणि त्यात अडथळा सॅटेलाइटचा नसून या जमिनीवरच्या उशिराचाच असतो.

तुम्ही दोघांनी एवढं तरी कराच, एकदा दोन्ही रिसीव्हर एकाच छतावर, एकाच रुबिडियमला लावून ३-४ दिवस चालवा. केबलसकट. केबल सोडून आणाल तर अर्धं काम वाया.

आता टाकी. सॅटेलाइटचा सिग्नल थेट येतो तसा टाकीवर, कठड्यावर, पत्र्यावर आपटूनही येतो आणि थेट सिग्नलमध्ये मिसळतो, याला मल्टिपाथ म्हणतात. ओळखायची खूण अशी की ग्राफमधला एखादा उंचवटा रोज ४ मिनिटं लवकर येतो, म्हणजे आज १०:२० ला, उद्या १०:१६ ला, परवा १०:१२ ला. तापमानामुळे असता तर रोज त्याच वेळी आला असता. ४ मिनिटं सरकतोय म्हणजे तो सॅटेलाइटच्या जागेशी बांधलेला आहे, उन्हाशी नाही. आणि यातली खाच अशी की १३ मिनिटांचं वेळापत्रकही रोज ४ मिनिटंच सरकतं, त्यामुळे त्या साच्यात मल्टिपाथ रोज त्याच खणात तेवढाच येतो आणि "स्थिर" वाटतो. रोजची सरासरी काढून तो जाणार नाही. अँटेना उंच लावा, आजूबाजूला मोकळं ठेवा, १५-२० अंशांच्या खालचे सॅटेलाइट सरळ टाकून द्या.

तुमची ती दिवसाची मंद लाट मात्र बहुतेक आयनोस्फिअरची आहे. दिवसा सूर्यामुळे वरच्या थरात इलेक्ट्रॉन वाढतात, सिग्नल उशिरा पोचतो, दुपारनंतर काही दहा नॅनोसेकंदांपर्यंतही जातं, रात्री बसतं. सॅटेलाइट जे मॉडेल पाठवतो ते यातला साधारण अर्धा भाग काढतं. लॅबमध्ये दोन फ्रिक्वेन्सी वापरतात, एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल२ म्हणजे १२२७.६० मेगाहर्ट्झ. आयनोस्फिअरचा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो, म्हणून एल२ वर तो एल१ च्या १.६५ पट येतो. दोन्हींमधला फरक मोजला की उशीर किती ते थेट निघतं, मॉडेलवर भरवसा ठेवावा लागत नाही. त्या बदल्यात मापातला गोंगाट साधारण तिप्पट होतो, पण तो सरासरीने बसतो. ६०० किलोमीटरवर तुमच्या दोघांवरचं आकाश बरंचसं सारखं आहे म्हणून एका फ्रिक्वेन्सीवरही तुम्हाला चांगलं उत्तर मिळेल. महासागराच्या दोन टोकांना, एकीकडे दुपार आणि दुसरीकडे मध्यरात्र असताना, ते चालणार नाही.

फेज_फिरस्ता

काउंटरताईंनी उशिरांबद्दल लिहिलंय त्यातल्या शब्दाशब्दाला माझा पाठिंबा. फक्त एक भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की जगात आजही सगळे कॉमन व्ह्यूच करतायत.

अंतर वाढत गेलं की दोघांना दिसणारे सामाईक सॅटेलाइट कमी होत जातात आणि ते आकाशात खाली खाली दिसतात, जिथे हवेतून यायचा रस्ता लांब आणि सिग्नल घाण. पृथ्वीच्या पार पलीकडे गेलात तर सामाईक सॅटेलाइट उरतच नाही. म्हणून २००६ पासून बीआयपीएमने ऑल इन व्ह्यू घेतलं, प्रत्येक लॅब तिला दिसणारे सगळे सॅटेलाइट वापरते आणि सॅटेलाइटच्या घड्याळांची आणि कक्षांची चूक आयजीएसकडून घेतात. आयजीएस म्हणजे जगभर शेकडो स्टेशनं ठेवून सॅटेलाइटवर कायम नजर ठेवणारी संघटना, तिचा हिशेब इतका चांगला झालाय की साक्षीदारावर आता खरोखरच विश्वास ठेवता येतो. सिलेक्टिव्ह अ‍ॅव्हेलेबिलिटीच्या काळात हे शक्य नव्हतं.

आणि त्यापुढची पायरी म्हणजे पीपीपी (प्रिसाइज पॉइंट पोझिशनिंग), २००९ पासून तीही अधिकृत हिशेबात आहे. इथे कोडऐवजी, म्हणजे सिग्नलवर चढवलेल्या ठोक्यांच्या नमुन्याऐवजी, मूळ लहरीची फेज मोजतात. नागरी कोडचा एक तुकडा ९७७ नॅनोसेकंद लांब आहे, त्याची कडा तुम्ही शंभराव्या भागापर्यंत पकडलीत तरी १० नॅनोसेकंद होतात. एल१ लहरीची लांबी मात्र १९ सेंटीमीटर, म्हणजे एक फेरा ०.६३५ नॅनोसेकंदांचा, आणि त्याचाही शंभरावा भाग मोजता येतो. अडचण एकच, फेज सांगते की तुम्ही फेऱ्यात कुठे आहात, कितव्या फेऱ्यात ते सांगत नाही. म्हणून कोड आणि फेज जोडीने वापरतात, कोड ढोबळ जागा दाखवतो, फेज बारीक हालचाल. यातून ०.३ नॅनोसेकंदापर्यंत गोंगाट खाली येतो. पण नीट बघा, हा गोंगाटाचा आकडा आहे, केबल आणि रिसीव्हरच्या उशिराची खात्री अजून तिथेच, एकदोन नॅनोसेकंदांवर.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे शेवटी यूटीसी, म्हणजे जगाची अधिकृत वेळ, कशी तयार होते ते. ८० च्या वर लॅब, साडेचारशेच्या आसपास अणुघड्याळं, सगळ्यांचा डेटा बीआयपीएमकडे जातो, लॅबांमधले दुवे जर्मनीतल्या पीटीबी या मापनसंस्थेला मध्ये धरून बांधतात, घड्याळांना त्यांच्या वागणुकीप्रमाणे वजन देतात आणि मग पुढच्या महिन्यात सर्क्युलर टी नावाचं पत्रक निघतं, त्यात दर पाच दिवसांसाठी लिहिलेलं असतं की अमुक लॅबचं घड्याळ यूटीसीपासून इतके नॅनोसेकंद दूर होतं. म्हणजे खरी यूटीसी कुठल्याही लॅबच्या खोलीत टिकटिकत नाही, ती हिशेबातून नंतर निघते. आणि जगातली सगळी चांगली घड्याळं एकमेकांशी बांधणारे जे दोर आहेत त्यातले बहुतेक हे नॅव्हिगेशन सॅटेलाइटचे सिग्नल आहेत, जीपीएस आणि आता गॅलिलिओ पण. काही लॅब भूस्थिर सॅटेलाइटमधून दोन्ही दिशांनी सिग्नल पाठवून पण तुलना करतात, तिथे जायचा यायचा रस्ता एकच असल्यामुळे रस्त्यातला उशीर जवळजवळ उडतो, पण त्याला डिश लागते, सॅटेलाइटचं भाडं लागतं.

अवकाशकण

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. रुबिडियमवाला, तुम्ही रिसीव्हरला पल्स जीपीएस टाइमवर द्यायला सांगा, यूटीसीवर नाही.

२६ जानेवारी २०१६ ला एक जुना सॅटेलाइट सेवेतून काढताना काही जीपीएस सॅटेलाइटनी यूटीसीसाठीची दुरुस्ती चुकीची पाठवली, १३.७ मायक्रोसेकंदांची, जगभरातल्या टेलिकॉम आणि प्रसारणाच्या यंत्रणांमध्ये अलार्म वाजले. जीपीएसची स्वतःची वेळ तेव्हा ठीकच होती, फक्त "जीपीएसवरून यूटीसीकडे जायला एवढे मिळवा" हा आकडा बिघडला होता. जे लोक कच्चं माप घेऊन आपापसात वजा करत होते त्यांना तो आकडा लागतच नाही.

आणि ताईंनी केबलबद्दल लिहिलंय त्यावरून ऑपेरा हा न्यूट्रिनोंवरचा प्रयोग आठवला. २०११ मध्ये सर्नपासून ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासोला न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर पोचतात असं दिसलं, म्हणजे प्रकाशाहून वेगवान! दोन्ही टोकांची घड्याळं जीपीएस कॉमन व्ह्यूनेच बांधली होती त्यामुळे पहिला संशय तिकडे गेला, पण स्वित्झर्लंडची मापनसंस्था मेटास आणि जर्मनीची पीटीबी यांनी तपासलेला तो दुवा एकदोन नॅनोसेकंदांत बरोबर निघाला. चूक होती जमिनीवरून खाली भुयारातल्या प्रयोगशाळेत जीपीएसची वेळ नेणाऱ्या ८ किलोमीटरच्या फायबरच्या एका कनेक्टरमध्ये, तो पूर्ण बसला नव्हता.

रुबिडियमवाला

आठवडा झाला, आता सांगतो काय झालं ते. पल्सची दुरुस्ती लावली, केसाळपणा खरंच ३५ वरून ८-१० वर आला. मग दोघांनी कच्चं माप काढून १३ मिनिटांचं वेळापत्रक लावलं, १५ अंशांखालचे सॅटेलाइट टाकले, आणि प्रत्येक सामाईक सॅटेलाइटसाठी वेगळी वजाबाकी केली.

पण आता नवीनच भानगड. एकाच खणात, एकाच वेळी, वेगवेगळ्या सॅटेलाइटवरून निघणारं उत्तर वेगवेगळं येतंय, आणि थोडंथोडकं नाही. एक सॅटेलाइट डोक्यावर होता त्याच्यावरून आलेला फरक क्षितिजाजवळच्या सॅटेलाइटपेक्षा १२५ नॅनोसेकंद जास्त. तोच सॅटेलाइट खाली उतरायला लागला की त्याचा फरकही हळूहळू कमी होतो. मला वाटलं आयनोस्फिअर, पण रात्री २ वाजताही तेवढंच आहे.

काउंटरताई

आयनोस्फिअर नाही. तो खालच्या सॅटेलाइटवर जास्त असतो, कारण तिरका रस्ता लांब पडतो, आणि तुमचं नेमकं उलटं आहे, डोक्यावर जास्त. मल्टिपाथही नाही, तो असा शिस्तीत वागत नाही. केबलही नाही, ती सगळ्या सॅटेलाइटना सारखीच.

डोक्यावर जास्त आणि क्षितिजाकडे कमी म्हणजे दोघांपैकी कोणाच्या तरी अँटेनाची उंची चुकलीय. उंची जेवढी चुकली ती सगळी डोक्यावरच्या सॅटेलाइटच्या अंतरात येते, ३० अंशांवरच्या सॅटेलाइटच्या अंतरात निम्मी येते, क्षितिजावर जवळजवळ काहीच नाही. एक मीटर म्हणजे डोक्यावर ३.३ नॅनोसेकंद. ८० आणि २० अंशांमध्ये १२५ चा फरक पडत असेल तर हिशेब करून बघा, चूक ६० मीटरच्या आसपास निघेल. एवढी मोठी चूक बहुधा एकाच कारणाने होते. मित्राला विचारा, रिसीव्हरमध्ये उंची कुठून भरली?

रुबिडियमवाला

ताई, तुम्ही इथे बसून तिकडची चूक पकडलीत!

मित्राने उंची नकाशावरून घेतली होती, समुद्रसपाटीपासूनची. मी रिसीव्हरला दोन दिवस स्वतःलाच सरासरी काढू दिली होती, ती येते जीपीएसच्या इलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीसाठी धरलेल्या गणिती आकारापासूनची. आमच्या भागात या दोन उंच्यांमधे ६२ मीटरचा फरक आहे असं आज बघितलं. दोघांनीही नकाशावरून भरली असती तर दोघांची चूक सारखीच झाली असती आणि वजाबाकीत बरीचशी उडालीही असती, आणि आम्हाला कधी कळलंच नसतं, हे लक्षात आल्यावर जरा धस्स झालं.

जुन्याच डेटावर उंची दुरुस्त करून परत हिशेब केला. आता एका खणातले सगळे सॅटेलाइट ७-८ नॅनोसेकंदांच्या पट्ट्यात बसतात. आमच्या दोन रुबिडियममधला फरक दिवसाला १,१२० नॅनोसेकंदांनी वाढतोय, म्हणजे एक लाख कोटींत १३ भाग, आणि चार दिवसांची रेघ पट्टीने ओढल्यासारखी आहे.

मित्र पुढच्या शनिवारी येतोय, रिसीव्हर आणि अँटेना घेऊन. केबल पण काढून गुंडाळून आणायला सांगितलंय, आहे ती सगळी, एकही कनेक्टर न बदलता. दोन्ही अँटेना शेजारी शेजारी लावायची जागा आज छतावर मोजून ठेवली, टाकीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं गेलोय. चार दिवस माझ्या रुबिडियमवर दोन्ही चालवतो आणि आकडे इथे टाकतो.